समुद्र डाव्या हाताला

२ मार्च, सोमवार

भोंग्याला कोणी सांगितलं, हे मला आधी शोधून काढायचं आहे. म्हणजे शोधायला काही नकोच. घरात आम्ही दोघं, मी आणि ही. मी सांगितलेलं नाही.

भोंगा म्हणजे माझा साडू, हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवली, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. मीही तोंडावर मास्तर म्हणतो आणि इथे भोंगा लिहितो. शिकणाऱ्याच्या डाव्या बाजूला, दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसायचं आणि अखंड बोलत राहायचं, हा त्याचा धंदा. धंदा बंद करून दोन वर्षं झाली, बोलणं चालू आहे.

आज मात्र दुकानात आला तो चोरपावलांनी. मी पुठ्ठा कापत होतो आणि एकदम कानाशी आवाज, "साडूभाऊ!" मी एवढा दचकलो की कटर घसरला आणि चांगला पुठ्ठा वाया गेला. डाव्या बाजूला येऊन उभा होता मांजरासारखा. वर मलाच म्हणतो, "अहो, मी केव्हाचा इथे उभा राहून हात हलवतोय."

मग मूळ मुद्द्यावर आला. "कड्यावरच्या गावांची वाट चालायचा बेत आहे म्हणे तुमचा. झकास! आपण चौघंही जाऊ."

चौघं. मी कोणाला विचारलं होतं?

माझ्या दुकानात समोरच्या भिंतीवर एक मोठा फोटो आहे. कोणीतरी फ्रेम करायला टाकला आणि न्यायला आलाच नाही. समुद्रातून काढलेला, उंच कड्याचा. उजव्या टोकाला दीपगृहाचं गाव, डाव्या टोकाला बंदराचं, आणि मध्ये आणखी दोन. घरं कड्याला अशी चिकटलेली की खालच्याचं छप्पर म्हणजे वरच्याचं अंगण. आणि या गावापासून त्या गावापर्यंत गेलेली एक बारीक रेघ. ती वाट. दुसऱ्यांच्या सहलींचे फोटो चौकटीत बसवत मी उभं आयुष्य घालवलं, आणि मान वर केली की ती रेघ दिसायची. यंदा मला साठ पूर्ण होतात. त्या रेघेवरून मला एकदा चालायचं आहे, पुढे मी आणि माझ्यापुढे कोणी नाही. बाकी काही मागणं नाही माझं. त्यातही हा माणूस नाक खुपसणार.

६ मार्च, शुक्रवार

भोंगा संध्याकाळी घरी आला, नकाशा घेऊन. माझ्याकडे नकाशा आहे हे माहीत असून.

तरी सुरुवात बरी झाली, हे कबूल करायला हवं. दीपगृहाच्या गावापासून निघायचं, मधल्या घंटेच्या गावात मुक्काम, दुसऱ्या दिवशी बंदरावर उतरायचं. तो मान डोलवत होता. "वा, साडूभाऊ, वा." मला वाटलं, चला, एकदा तरी याने पाचर मारली नाही.

तेवढ्यात मी चहा ओतायला घेतला. किटलीची चोच वाकडी आहे, मी हिला दहादा सांगितलंय. चहा कपाच्या शेजारून टेबलावर आणि टेबलावरून त्याच्या नकाशावर. ही फडकं घेऊन धावली. भोंगा गप्प. नकाशा भिजला म्हणून फुगला असेल, मला वाटलं. मग हळूच विचारतो, "या दिशेनं निघालो तर समुद्र कुठल्या हाताला येणार?"

"डाव्या," मी म्हटलं.

"मग उलट जाऊ. बंदराकडून दीपगृहाकडे."

का, तर म्हणे ऊन तोंडावर येणार नाही. एवढा वेळ ऊन कुठे होतं?

१० मार्च, मंगळवार

आज उन्हाचं कारण मागे पडलं. आज वारा. उलट दिशेनं गेलो तर वारा पाठीवर राहील. मी म्हटलं, समुद्रावरचा वारा समुद्राकडून येतो, पाठीकडून नाही. मग बस. बंदराच्या गावाला सकाळची बस सोयीची आहे. मी वेळापत्रक काढून दाखवलं. मग म्हणतो, "अहो, फोटोसुद्धा आपण डावीकडून उजवीकडे बघतो." फोटोचं हा मला सांगतो!

कारणं रोज नवी, हट्ट तोच. दुसऱ्याचा बेत आपल्या हातात घेतल्याशिवाय याला अन्न गोड लागत नाही. आणि ही त्याच्याच बाजूने. "मास्तर म्हणतात तसं करायला काय जातं?" माझं काय जातं ते मी हिला सांगितलं. 

१२ मार्च, गुरुवार

भोंगा आला नाही. चांगला दिवस.

१५ मार्च, रविवार

या घरात सगळ्यांनी मला छळायचं ठरवलं आहे.

दुकान उघडलं तर काचेची तावदानं ठेवायचं घोडं डावीकडून उजवीकडे हलवलेलं. माझ्या परवानगीशिवाय! वर्षानुवर्षं जिथे आहे तिथे ते असायला हवं. विचारलं तर ही म्हणते, "झाडायला अडचण होत होती." दुकान ही कधीपासून झाडायला लागली? दाराला खांदा आपटून दंडावर जो काळानिळा डाग पडलाय, त्याच्यावर आज पुन्हा आपटलं. सुतार म्हणतो दार फुगलेलं नाही. सुतारांना आजकाल काही कळत नाही.

बाजारात जाताना तर कमाल. लग्न झाल्यापासून ही माझ्या उजव्या बाजूने चालते. गेले काही दिवस बघतोय, गल्लीत शिरलं की ही फिरून डावीकडे येते आणि माझा दंड धरते. दंड दुखतोय तिथेच. मी म्हटलं, "सोड, मी काही पळून जात नाही." सोडला नाही. बहिणीच्या नादाने हे नवीन लाड.

परत आलो तर भोंगा आणि मेव्हणी येऊन बसलेले. भोंग्याने नवीन खेळ काढलाय. माझ्याशी बसच्या गप्पा मारतो आणि बोलताबोलता हात हवेत कुठेतरी नेऊन बोटं हलवतो. मध्येच किल्ल्या फेकल्या, "झेला!" म्हणून. आधी न सांगता कोण झेलणार? किल्ल्या माझ्या कानाला लागून गेल्या. मला वाटलं आता खो खो हसेल. हसला नाही. हिच्याकडे बघत बसला.

१९ मार्च, गुरुवार

भोंगा दुपारी माझ्या गैरहजेरीत येऊन बसला होता. मी मागच्या दाराने आत आलो, तेव्हा स्वयंपाकघरात दोघांची कुजबुज चाललेली. ही म्हणत होती, "सांगितलं तर ऐकणार नाहीत, आणि नाही सांगितलं तर कड्यावरून..." तेवढ्यात माझा पाय शेवटच्या पायरीवरून चुकला, खालची बादली लवंडली आणि दोघंही गप्प झाली.

कड्यावरून काय? मला कड्यावरून मध्येच परत फिरवायचा कट आहे, दुसरं काय. बेत माझा, आणि म्होरक्या तो. मी काहीच ऐकलं नाही असं दाखवलं. बघू या किती पाण्यात आहेत.

२२ मार्च, रविवार

आज स्फोट झाला. सगळं लिहितो, कारण उद्या हीच माणसं म्हणतील की मी विनाकारण ओरडलो.

जेवणानंतर ही समोर येऊन बसली. शेजारी भोंगा. ही म्हणाली, "रागावू नका. तुम्हाला डावीकडचं दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला, मग जिथे जायचं तिथे जा."

मला आधी हसूच आलं. फ्रेमवाल्याला सांगतात, तुला दिसत नाही!

भोंगा म्हणाला, "साडूभाऊ, मी शेकडो माणसांच्या शेजारी बसलोय. कोणाला कुठलं दिसत नाही ते मला त्याच्या मानेवरून कळतं."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठलो, दुकानातून एक लांब लाकडी पट्टी घेऊन आलो. कशालाही हात लावण्याआधी आम्ही पट्टी अशी डोळ्याशी धरतो, डावा डोळा मिटतो आणि टोकापासून टोकापर्यंत बघतो. केसाएवढा बाक असला तरी कळतो. मी पट्टी धरली आणि म्हटलं, "मधोमध, उजवीकडे किंचित वाकलीय. दोरा लावून बघा." भोंग्याने खरंच दोरा लावला. पट्टी वाकलेली होती, मी म्हटलं तिथेच.

"झालं समाधान?" मी विचारलं. "आता कोणाचे डोळे तपासायचे?"

ही काहीतरी म्हणायला गेली, "पण तुम्ही तर..." मी तिला पुढे बोलू दिलं नाही. म्हटलं, मी एकटा जाणार. अकरा एप्रिलला. कोणी सोबत नको, कोणाचा नकाशा नको.

ही उठून आत गेली. रडत असावी. मला वाईट वाटलं, पण रडून पट्टी सरळ होत नाही.

२४ मार्च, मंगळवार

तह झाला. हिने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही, म्हणून मी नमतं घेतलं. बायका येणार नाहीत. ("मला ते बघवणार नाही," ही म्हणाली. निसर्गाची आवड हिला पहिल्यापासून नाही.) भोंगा येणार. माझ्या अटी: दिशा माझी, दीपगृहाकडून बंदराकडे. पुढे मी. आणि त्याने बडबड करायची नाही.

भोंग्याने पहिल्या दोन अटी ताबडतोब मान्य केल्या. तिसरीबद्दल म्हणाला, "प्रयत्न करतो." इतक्या सहज मान्य करणारा माणूस तो नाही. डाळीत काहीतरी काळं आहे.

५ एप्रिल, रविवार

सामानाची तपासणी. भोंग्याने दोरी आणली आहे. आणि शिट्टी.

"शिट्टी कशाला?" मी म्हटलं, "तुमचं तोंड आहे की."

हसला. माझ्या अपमानावर हसतो, हे सर्वांत वाईट. दोरी मी त्याच्या पिशवीतून काढून कपाटात टाकली. मगाशी बघतो तर कपाटात नाही.

हातोडीने अंगठा पुन्हा ठेचला. महिन्याभरात तिसऱ्यांदा. झोप पुरत नाही.

११ एप्रिल, शनिवार, घंटेचं गाव

उतारूंच्या खोलीत बसून लिहितोय. समोरच्या खाटेवर मास्तर पाय वर करून पडला आहे. आजचा दिवस नीट लिहायला हवा.

दीपगृहापासून सकाळी निघालो. फोटोत रेघ दिसते ती खरी वाट इतकी अरुंद असेल असं वाटलं नव्हतं. उजवीकडे डोंगर उभा चढत गेलेला, डावीकडे काटेरी झुडपांची हातभर रुंद पट्टी आणि मग काहीच नाही. खाली लाटांचा आवाज. पुढे मी चालायचं ठरलं होतं. निघाल्यावर पाहतो तर हा मागे नाहीच. माझ्या डाव्या हाताला, काट्यांत.

"मागे चाला," मी म्हटलं.

"इथं बरं आहे, हवा लागते."

काट्यांत पाय घालून कड्याच्या तोंडाशी चालायचं आणि म्हणे हवा लागते! आणि तोंडाचा पट्टा सुरू. "पुढे वळण आहे, साडूभाऊ. उजवीकडे घ्या. दगड आहे. हळू. आता सरळ. परत उजवीकडे." मी काय त्याच्या गाडीत बसलो होतो? मध्ये त्याची ती जुनी गोष्टसुद्धा झाली, बँकेतल्या एका साहेबाला गाडी मागे घ्यायला सांगितली आणि तो थेट केस कापायच्या दुकानात शिरला ती. ती मी प्रत्येक दिवाणखान्यात ऐकलेली आहे. दुसरं गाव मागे पडेपर्यंत मी दात ओठ खात सहन केलं. ज्या वाटेची इतकी वर्षं वाट पाहिली, तिच्यावर मला एक क्षणही शांतता मिळाली नव्हती.

शेवटी मी थांबलो आणि ओरडलो. "एक शब्द बोललात तर इथून परत जा! ही वाट माझी आहे. तुम्हाला कोणी बोलावलं नव्हतं. जन्मभर दुसऱ्याच्या शेजारी बसून हुकूम सोडलेत, आता बास!"

आम्ही पुढे निघालो.

पहिल्यांदाच शांत झालं. फक्त वारा आणि खालचं पाणी. मी खूश होतो, हे लिहायला हवं. मनात म्हटलं, जिंकलो.

तेवढ्यात वाऱ्याची एक सणसणीत झुळूक आली आणि वाळूचा कण माझ्या उजव्या डोळ्यात गेला. डोळा गच्च मिटला गेला. मी डाव्या डोळ्याने बघायला गेलो आणि काहीच नव्हतं. उजेड होता, करडा, धुतलेल्या पाटीसारखा. समुद्र नव्हता. वाट नव्हती. शेजारी चालणारा माणूस नव्हता.

मला वाटलं दोन्ही डोळ्यांत वाळू गेली. पाणी येऊ दिलं, उजवा उघडला, सगळं जागच्या जागी. उजवा मिटला, गेलं. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. पट्टी तपासतात तसं मी ते तपासलं, आणि फरक पडेना. मी उभं आयुष्य डावा डोळा मिटून जग सरळ आहे की नाही ते बघत आलो. उजवा मिटून कधी बघितलंच नव्हतं. कशाला बघेन?

मला भीती वाटली. स्पष्टच लिहितो. पाय उचलावा तर कुठे पडेल ते कळेना. वाळू अजून सलत होती, म्हणून उजवा डोळा धड उघडत नव्हता, आणि त्याच्याबाहेर जे होतं ते नुसतं आवाजाचं होतं. त्या आवाजात माणसाचा आवाज नव्हता, कारण तो मीच बंद केला होता.

"मास्तर?"

"इथंच आहे." हातभर अंतरावरून. माझ्या आणि त्या नाहीशा झालेल्या समुद्राच्या मध्ये.

"बोलत का नाही?"

"तुम्हीच गप्प बसवलंत."

मी डोंगराला टेकून खाली बसलो. त्याने पाण्याची बाटली हातात दिली, मी डोळा धुतला. मग त्याच्याकडे पाहिलं. डाव्या पायाची विजार गुडघ्यापर्यंत फाटलेली, पोटरीभर रक्ताच्या रेघा. सकाळपासून तो ज्या पट्टीवरून चालत होता, तिची माती जागोजागी सुटलेली होती. दोरीचं एक टोक त्याने स्वतःच्या कमरेला बांधलं होतं, बाकी गुंडाळी हातात. म्हणजे ती कपाटातली दोरी.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?" मी विचारलं.

"दुकानात हात हलवला तेव्हापासून. आधी वाटलं, दिसतंय पण मुद्दाम बघत नाहीत. तुमचा स्वभाव बघता तेच खरं वाटलं. मग तुम्ही चहा ओतलात."

या माणसाला कुठे काय बोलावं ते कळत नाही. पण मला हसू आलं, आणि हसता हसता ते बदललं. त्याने तिकडे तोंड फिरवलं आणि समुद्राकडे बघत बसला.

मग म्हणाला, "मागे फिरायचं का? फिरलो की समुद्र उजवीकडे येतो. तुम्हाला दिसेल."

मी पुढे बघितलं. घंटेचं गाव दिसत होतं, फोटोतल्यासारखंच, छपरावर अंगण. "पुढे," मी म्हटलं.

"पुढे तर पुढे."

उभा राहिलो. त्याला काहीतरी बरं बोलावं असं फार वाटत होतं. इतक्या वर्षांत सवय नाही, त्यामुळे तोंडातून भलतंच आलं. "त्या बँकेतल्या साहेबाची गोष्ट सांगा."

"सकाळीच सांगितली की."

"मग परत सांगा. पहिल्यापासून. थांबू नका."

त्याने सुरू केली. गोष्ट तशीच रटाळ आहे, सांगायची पद्धत त्याहून. मध्ये मध्ये "दगड आहे" आणि "उजवीकडे घ्या" घालून. मी त्याच्या आवाजाच्या कडेकडेने चालत राहिलो. साहेब केस कापायच्या दुकानात शिरला तेव्हा गावातली पहिली पायरी लागली, आणि ती माझी चुकली नाही, कारण त्याने ती आधी सांगितली होती.

खोलीवर आल्यावर हिला फोन केला. "डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घे," एवढंच म्हणालो. ही म्हणाली, "घेऊन ठेवलीय. मंगळवारची." आणि विचारलं, "मास्तर बरे आहेत ना?"

मास्तरच्या पायातले काटे मी काढून दिले. चिमटा घेतला, डावा डोळा मिटला आणि एकेक करून. पंचवीस-तीस तरी निघाले. तो सगळा वेळ बोलत होता आणि मधूनमधून ओरडत होता. मी एकदाही गप्प बसा म्हटलं नाही.

अजून त्याला सांगितलेलं नाही, पण उद्या त्याला वाटेवर जागा करून देणार आहे. मी उजवीकडे, डोंगराला घासून चालेन. खांदा खरचटला तर खरचटू दे. त्या बाजूचं मला दिसतं.